चलान गाडीचं नव्हे, चालवणाऱ्याचं

वेगमर्यादा मोडल्याचं चलान मोबाइलवर येतं आणि दिल्लीतला शिकलासवरलेला माणूस ‘भरून टाकू’ म्हणत मोबाइल खिशात घालतो. त्या सहजपणाची मला चीड आहे. मी लक्ष्मीबाई नगरात राहते. आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या मधली ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. कायदा वाचणारी, नियमांचे मसुदे करणारी, फाइलवर टिपण लिहिणारी माणसं इथे घरोघरी आहेत. बदलीवर आलेली मराठी कुटुंबंही त्यांत आहेत. आणि याच वसाहतीत, बागेतल्या बाकावर, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, एक मत इतक्या खात्रीने मांडलेलं ऐकू येतं की आता गप्प बसवत नाही.

ते मत असं. भारतात ड्रायव्हिंग रेकॉर्ड नावाची गोष्टच नाही. ती अमेरिकेत असते, इंग्लंडात असते. आपल्याकडे कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, दंड गाडीवर बसतो, मालक तो भरतो, आणि नाही भरला तर लोकअदालतीत कमी करून मिळतो. माणसाच्या नावावर काही राहत नाही आणि राहूही नये. कारण कॅमेरे ही वसुली आहे, मर्यादा अवाजवी आहेत, दहा-वीसने जास्त चालवणं हा काही गुन्हा नव्हे. आणि उद्या लायसन्सवर शेरे मारायला लागलात तर ड्रायव्हरकीवर जगणाऱ्यांनी काय खायचं?

यातलं पहिलंच वाक्य खोटं आहे, आणि बाकीची इमारत त्याच्यावर उभी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ड्रायव्हिंग रेकॉर्ड ही कल्पना आपल्याकडे परदेशातून काल-परवा आलेली नाही. लायसन्सवर शेरा मारण्याची तरतूद १९३९च्या मोटार वाहन कायद्यात होती. १९८८च्या कायद्यात ती कलम २४ आणि २५ मध्ये आहे. न्यायालयाने किंवा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने एखाद्याला वाहन चालवायला अपात्र ठरवलं, तर तो आदेश आणि ज्या गुन्ह्यासाठी तो निघाला त्याचा तपशील लायसन्सवर लिहायचा. नियमांत नेमून दिलेल्या गुन्ह्यांत तर अपात्र ठरवलं नसलं तरी नुसत्या दोषसिद्धीचीही नोंद करायची. लायसन्स हरवलं, दुय्यम प्रत काढली, नवं घेतलं, तरी शेरा त्या नव्या लायसन्सवर उतरतो. तीन वर्षं नवा शेरा पडला नाही तर माणसाला कोरं लायसन्स मागता येतं. आणि शेरा केवळ वेगमर्यादा मोडल्याचा असेल तर ही मुदत एका वर्षाची आहे. म्हणजे वेगाच्या गुन्ह्याची नोंद माणसाच्या नावावर राहते, किती काळ राहते आणि कशी पुसली जाते, हे तिन्ही प्रश्न कायद्याने १९८८ सालीच सोडवून ठेवलेले आहेत. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी ‘माहीत नाही’ म्हणावं. ‘असं काही नसतंच’ हे कशाच्या आधारावर म्हणतात?

२०१९च्या दुरुस्तीने, जी त्या वर्षी १ सप्टेंबरला लागू झाली, ही व्यवस्था आणखी कडक केली. चर्चा फक्त दंडाच्या आकड्यांची झाली. हलक्या वाहनाला वेगासाठी ₹१,००० ते ₹२,०००, मध्यम आणि जड वाहनाला ₹२,००० ते ₹४,०००, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच दुरुस्तीने कलम २०६ मध्ये पोलिसाला अधिकार दिला की वेगाच्या गुन्ह्यात तो चालकाचं लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. कलम १९ मध्ये लिहिलं की त्या अधिकाऱ्याने माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं, आणि कारणं नोंदवून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवावं, पुढच्या गुन्ह्यासाठी लायसन्स रद्द करावं. रद्द झालेल्याचं नाव जाहीर करण्याचीही सोय ठेवली. लायसन्स परत मिळवायला उजळणीचं प्रशिक्षण आलं. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना कळवलं होतं की वेगमर्यादा मोडणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. आणि १ ऑक्टोबर २०२० पासून अपात्र ठरवलेल्या आणि रद्द झालेल्या लायसन्सांचा तपशील पोर्टलवर तारीखवार नोंदवायचा नियम आहे. त्यातून चालकाच्या वर्तनावर लक्ष ठेवता यावं, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं.

आता लोकअदालतीचं. राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की चलानाच्या स्लिपा काढण्याची धांदल उडते. पतियाळा हाउस, साकेत, तीस हजारी, द्वारका, जिथे जमेल तिथे नंबर लावायचा. रांगेत उभा असलेला प्रत्येक जण मानतो की रक्कम कमी झाली, शिक्का पडला, म्हणजे पाटी कोरी झाली. न्यायालयांवरचा भार हलका व्हावा हा लोकअदालतीचा हेतू चांगला आहे आणि त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण कलम २०० खालची तडजोड घेणाऱ्यांनी त्या कलमात २०१९ साली घातलेली दोन परंतुकं वाचावीत. तडजोडीने मिटवलेला गुन्हा, पुढचा गुन्हा दुसरा की पहिला हे ठरवताना, आधी घडलेला गुन्हा म्हणूनच मोजला जाईल. आणि तडजोड झाली म्हणून कलम २०६ खालच्या लायसन्सच्या कारवाईतून किंवा उजळणीच्या प्रशिक्षणातून सुटका होणार नाही. ‘पैसे भरले, विषय संपला’ या वाक्याला इतकं थेट उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. मग आमच्या वसाहतीतली कायदा जाणणारी माणसं ते वाक्य पुन्हा पुन्हा कशी उच्चारतात?

खरं तर सरकारी नोकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. त्याच्या आयुष्यात सेवापुस्तक आहे, वार्षिक मूल्यमापन अहवाल आहे. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६५च्या शिस्तविषयक नियमांत किरकोळ शिक्षांची यादी आहे, आणि तिच्यात सगळ्यांत पहिली शिक्षा आहे ठपका. ठपक्याने पगारातून एक रुपया कापला जात नाही. तरीही तो टाळण्यासाठी माणसं रात्र रात्र जागून खुलासे लिहितात, कारण पैशाची वसुली संपते आणि नोंद पुढच्या बढतीच्या फाइलबरोबर चालत जाते. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातला प्रत्येक शेरा त्या कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. हा निकाल आमच्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. नोंद ठेवा, पण कळवून ठेवा आणि ऐकून घेऊन ठेवा, हे तत्त्व स्वतःच्या नोकरीसाठी ज्यांना न्याय्य वाटतं, त्यांना तेच तत्त्व रस्त्यावर छळ का वाटावं? दीड टन वजनाचं यंत्र माणसांच्या गर्दीतून चालवण्याची मुभा सरकारने आपल्याला दिलेली आहे. तिचं सेवापुस्तक असायला नको?

यावर लगेच उत्तर येतं: कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही, मग नोंद कुणाच्या नावावर घालणार? गाडी आईच्या नावावर, चालवतो मुलगा. गाडी कंपनीची, चालवतो साहेब. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण आज व्यवहारात सगळं इथेच अडलेलं आहे. गाड्यांची नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत, लायसन्सांची ‘सारथी’त, आणि कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या क्रमांकाला चिकटतं. दंड थकला तर गाडीच्या कागदपत्रांची कामं अडतात. गाडी विकायची वेळ आली की घेणारा आधी थकलेली चलानं तपासतो, विकणारा ती भरतो, आणि ज्याने वेग मोडला त्याच्या लायसन्सपर्यंत ही गोष्ट पोहोचतच नाही. नवी गाडी घेतली की तो कोरा.

पण कायद्याला हा प्रश्न पडलेला नव्हता असं कुणी समजू नये. कलम १३३ सांगतं की अधिकाऱ्याने विचारलं तर गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सचा तपशील देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे दुवा आहे. तो जोडायचा आपण टाळतो. कॅमेऱ्यातून निघालेल्या प्रत्येक चलानाबरोबर हा प्रश्न विचारला, आणि उत्तराशिवाय दंड घेतला नाही, तर ‘माणूस दिसत नाही’ या सबबीतलं काय उरतं? आणि हो, मुलाच्या वेगाचा डाग आईच्या नावावर बसू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तर या विचारणीचा आग्रह सगळ्यांत आधी धरला पाहिजे.

नोंद गाडीवर ठेवून माणूस मोकळा सोडण्याची किंमत या शहराने पाहिलेली आहे. ४ एप्रिल २०१६ रोजी सिव्हिल लाइन्समध्ये रस्ता ओलांडणाऱ्या एका ३२ वर्षांच्या तरुणाला मर्सिडीजने उडवलं. गाडी चालवणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. त्याला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरं जायला लावायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने त्या वेळच्या कायद्यानुसार नाही म्हणून निकाल दिला. देशभर चर्चा झाली ती वयाची. मला त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट विसरता येत नाही: त्याच गाडीवर आधीही वेगाची चलानं निघालेली होती, हे तेव्हा समोर आलं. दंड भरला गेला असेल. घरात आलेल्या त्या कागदांवर एकच प्रश्न छापलेला असता, ‘गाडी कोण चालवत होतं?’, तर उत्तर देताना त्या घराला तेव्हाच कबूल करावं लागलं असतं की चालवणाऱ्याकडे लायसन्सच नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. त्यानंतर महाराष्ट्रात आणि देशात बोललं गेलं ते मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल; बोलायलाच हवं होतं. पण त्या मोटारीवरही वेगमर्यादा मोडल्याची आधीची चलानं होती, असं पोलीस तपासात आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि ती बाब दोन दिवसांत मागे पडली. त्या अपघाताला कोण जबाबदार हे न्यायालय ठरवेल. मी एवढंच विचारते: एकाच वाहनाचा वेग पुन्हा पुन्हा टिपला जातो तेव्हा त्या यंत्रणेतून कुणाला तरी एक सूचना जायला नको का, की या माणसाला बोलावून घ्या? आपली यंत्रणा प्रत्येक चलान जणू पहिलंच असल्यासारखं पाठवते.

कॅमेरे म्हणजे वसुली, हा आक्षेप सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो. ज्यांचा यंत्रावर विश्वास नाही त्यांनी कलम १८३ शांतपणे वाचावं. एखादा साक्षीदार, मग तो पोलीस का असेना, ‘माझ्या मते गाडी वेगात होती’ एवढंच म्हणाला तर त्या एकट्याच्या मतावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेतलेल्या मोजमापाचा आधार लागतो. यंत्राची अट नागरिकाच्या बचावासाठी घातलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ ने आणखी अटी घातल्या: यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं, कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक आधी हवा, नोटीस १५ दिवसांत हवी, चलानावर मोजलेला वेग, जागा, वेळ आणि छायाचित्र हवं. हाताने पावती फाडण्याच्या काळात यातलं काय मिळत होतं? चौकात हुज्जत घालून, ओळख सांगून, आणि आणखी कशाकशाने सुटणं ज्यांना जमत होतं, त्यांनाच कॅमेऱ्याचा सगळ्यांत जास्त राग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्रणा चुकते, हे मान्य. २०१९ साली राष्ट्रीय महामार्ग २४ वर निजामुद्दीन पूल ते गाझीपूर या पट्ट्यात फलकावर ७० लिहिलेलं होतं आणि कॅमेरे ६०च्या हिशेबाने चलानं काढत होते. सुमारे दीड लाख चलानं मागे घ्यावी लागली. हे उदाहरण मला नेहमी तोंडावर फेकून मारलं जातं. पण त्यातून सिद्ध काय होतं? चलान लेखी होतं, त्यावर जागा होती, आकडा होता, म्हणून चूक सापडली आणि दुरुस्त झाली. फलक आणि कॅमेरा यांचा मेळ नसेल तर त्या रस्त्याची जबाबदारी असलेल्या खात्याला धारेवर धरा. मी तुमच्याबरोबर उभी राहीन. चुकीच्या नोंदीवर उपाय म्हणून नोंदच नको म्हणणारा माणूस मात्र चुकीबद्दल बोलत नसतो. त्याला बरोबर नोंदही नको असते.

‘दहा-वीसने काय होतं?’ हे वाक्य आमच्या वसाहतीतून बोललं जातं तेव्हा मला अक्षरशः राहवत नाही. इथून एम्स हाकेच्या अंतरावर, सफदरजंग रुग्णालय रिंग रोडवर, आणि त्याला लागून एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर. रात्री या रस्त्यांवरून जाणाऱ्या रुग्णवाहिकांचे आवाज आम्ही झोपेत ऐकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू वेगमर्यादा मोडण्याच्या खात्यावर नोंदले गेले. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत सर्वाधिक मृत्यू दिल्लीत होते. पोलिसांच्या नोंदीत वेग हे कारण जरा सढळ हाताने लिहिलं जातं, अशी शंका अभ्यासक घेतात; ती धरून आकडा निम्मा केला तरी उरतं ते भयंकर आहे.

आणि गणित तर शाळेतलंच आहे. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५० वरून ७० वर गेलं की वेग दीडपटीच्या आत वाढतो, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ६०च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. ब्रेकवर पाय पडण्याआधीच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ५० वरून ६५ वर गेलं की साडेचार पट होते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. दिल्ली वाहतूक पोलिसांनी २०२१ मध्ये वसाहतींतल्या गल्ल्या, बाजार आणि सर्व्हिस रोड यांच्यावर ३०ची मर्यादा घातली, तेव्हा ‘तीसने गाडी चालते का?’ असं म्हणणारे आमच्याकडे कमी नव्हते. नवयुग शाळा सुटते तेव्हा याच रस्त्यांवर मुलं असतात. दिल्ली हाटकडून येणारे आजी-आजोबा याच रस्त्यांवर असतात. आणि एवढं करून मिळतं काय? आठ किलोमीटर ६० ऐवजी ८०ने, एकही सिग्नल न लागता, पार केलं तर दोन मिनिटं वाचतात. दिल्लीत सिग्नल लागतोच.

आता पोटाचा प्रश्न. हा एकच आक्षेप असा आहे की जो करणाऱ्याबद्दल मला आदर वाटू शकतो, जर तो खरोखर ड्रायव्हरकीवर जगणाऱ्यांसाठी केलेला असेल तर. टॅक्सीवाला, टेम्पोवाला, पाठीवर पेटी घेऊन दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारा मुलगा. यांचं लायसन्स तीन महिने गेलं तर घरची चूल बंद होते. हे खरं आहे. पण आजची पद्धत त्यांना कोणता न्याय देते? दोन हजारांचा दंड त्या मुलाची दोन-तीन दिवसांची मजुरी खातो. तोच दंड चाळीस लाखांच्या गाडीवाल्याला जाणवतही नाही. तो वर्षभर वेग मोडतो आणि वर्षाअखेर एकरकमी भरून मोकळा होतो. पैसा सगळ्यांकडे सारखा नसतो, लायसन्स मात्र प्रत्येकाकडे एकच असतं. श्रीमंताला जी शिक्षा विकत घेऊन संपवता येत नाही ती नोंदीची. मग नोंदीला विरोध करताना गरिबाला पुढे का करता?

शिवाय त्या मुलाला पळवतो कोण? कलम १८३च्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे आपल्या नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला मर्यादेपलीकडे गाडी हाकायला लावणारा मालकही दंडाला पात्र आहे. आणि चौथं पोटकलम तर आजच्यासाठी लिहिल्यासारखं आहे: एखादा प्रवास ठरावीक वेळात पुरा करा असं वेळापत्रक कुणी प्रसिद्ध केलं किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो त्या वेळात होणं शक्य नाही असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रक हाच तो लावणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. हे १९८८ साली लिहिलेलं आहे, मोबाइलवर किराणा मागवायच्या कितीतरी आधी. त्या पोरांची कणव येणाऱ्यांपैकी किती जणांनी हे कलम कधी पुढे केलं? प्रत्येक चलानाबरोबर चालकाचं नाव आणि तो कुणाच्या कामावर होता हे नोंदलं गेलं, तर एकाच कंपनीची मुलं एकाच रस्त्यावर रोज का पळतात हे कागदावर दिसेल, आणि मग दंड कुणी भरायचा हेही ठरवता येईल. नोंद नसेल तर ते कधीच दिसणार नाही. दिसेल फक्त त्या मुलाची फाटलेली पावती. पहिल्या वेळी लायसन्स काढून घेण्याऐवजी प्रशिक्षणाला पाठवा, पायऱ्या ठेवा, म्हणणं ऐकून घ्या. या मागण्या मी मान्य करते. त्या सगळ्या मागण्यांना आधी नोंद लागते.

विम्याचं थोडक्यात सांगते. विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीच्या नियमभंगाशी हप्ता जोडण्याची योजना मांडली. गुन्ह्याप्रमाणे गुण, गुणांप्रमाणे जादा हप्ता, आणि सुरुवात प्रयोग म्हणून दिल्लीतून. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना तसंच सुचवलं. कल्पना योग्य आहे. पण तो हिशेबही वाहनावर बसवलेला होता. आईच्या नावावरच्या गाडीचा हप्ता वाढेल आणि मुलगा तसाच राहील. तीच चूक दुसऱ्या खात्यात.

ज्यांची मुलं न्यू जर्सीत एडिसनला आहेत अशी घरं आमच्या ओळखीत बरीच आहेत. तिथे मर्यादेपेक्षा ताशी १४ मैलांपर्यंत जास्त गेलं तर दोन गुण, १५ ते २९ मैलांना चार, तीस किंवा त्याहून जास्त असेल तर पाच. बारा गुण झाले की लायसन्स निलंबित. एक वर्ष गुन्ह्याशिवाय गेलं की तीन गुण उतरतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा गुण झाले की लायसन्स जातं, आणि नव्या चालकाचं पहिल्या दोन वर्षांत सहा गुणांवरच जातं. जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या नोंदणी कार्यालयात आठ गुण झाले की लायसन्स जातं. हे सगळं आमच्या शेजारच्या आई-वडिलांना माहीत आहे. मुलाचे दोन गुण उतरले की ते आनंदाने सांगतात. त्यांना त्यात छळ दिसत नाही, मुलगा जपून चालवतो याचं समाधान दिसतं. मग दिल्लीच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा जीव एडिसनच्या माणसापेक्षा स्वस्त आहे का? तसं म्हणायचं नसेल तर तिथे हवीशी वाटणारी नोंद इथे नकोशी का वाटते, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

माझं म्हणणं मी मवाळ करणार नाही. वेग गाडी वाढवत नाही, पाय वाढवतो. आणि तो ज्याचा पाय आहे त्याच्या लायसन्सवर लिहिला गेला पाहिजे. कॅमेऱ्यातून निघालेलं एकही चलान चालकाच्या लायसन्सचा क्रमांक घेतल्याशिवाय मिटू नये, लोकअदालतीतही नाही. ‘वाहन’मधली नोंद ‘सारथी’त उतरली पाहिजे. दुसऱ्यांदा वेग मोडणाऱ्याला परवाना अधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागलं पाहिजे, त्याच्या घरासमोर सरकारी गाडी उभी असली तरी आणि डिलिव्हरीची दुचाकी उभी असली तरी. यासाठी नवा कायदा नको, नवं कलमही नको. कलम १३३, १९, २४ आणि २०० यांची अंमलबजावणी पुरे आहे. आणि ज्यांना वाटतं की एका चुकीचा डाग जन्मभर बसेल, त्यांनी कलम २५ची मुदत पुन्हा पाहावी. वेगाचा शेरा पुसून कोरं लायसन्स घ्यायला कायद्याने एक वर्ष मागितलं आहे. ते वर्षभर मर्यादेत गाडी चालवणं ज्यांना छळ वाटतं, त्यांनी तसं उघड म्हणावं आणि मग लायसन्स कशासाठी हवं आहे तेही सांगावं.